‘मायेचा सागर’ सोडून बाकी सगळं लिही

ताई, नमस्कार.

मी ३४ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. आमचं मूळ गाव पाटण तालुक्यात. गेल्या कार्तिकात माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, गेली. आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी १९३५ आहे, पण ती कुणीतरी अंदाजाने टाकलेली. तिला दहा मुलं झाली, त्यातली आठ जगली. आम्ही नातवंडं तेवीस. सगळे तिला ‘काकी’ म्हणायचे, तिची पोटची मुलंसुद्धा. घरात आधी थोरल्या जावेची मुलं होती आणि ती काकी म्हणायची, म्हणून.

वर्षश्राद्धाला काकीवर एक पुस्तिका काढायचं ठरलं आणि ‘तुला लिहायची सवय आहे’ म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी ‘काकीच्या आठवणी पाठवा’ असा मेसेज टाकला. सतरा उत्तरं आली. मायेचा सागर, त्यागमूर्ती, सोशिक, तिच्या हातची पुरणपोळी. नावं झाकली तर कुठलं कोणी लिहिलंय ते ओळखू येणार नाही.

थोरले काका म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल वावगं काही यायला नको. धाकटी आत्या म्हणते, माहेरचं प्रकरण आलंच पाहिजे. आजीचं माहेर माण तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळात तिचा भाऊ बायको-पोरांना घेऊन आठ महिने आमच्याकडे राहिला. पुढे १९८३-८४ च्या सुमारास, तिचे वडील वारल्यावर, त्याच भावाने तिच्याकडून जमिनीवरचं हक्कसोड लिहून घेतलं. त्यानंतर अकरा वर्षं आजी माहेरी गेली नाही. मग एकदा गेली. का गेली, कोणी सांगत नाही. माझी आई तिची तिसरी सून, तीस वर्षं दोघी एका चुलीवर. ती म्हणते, ‘मला काही विचारू नका.’ आजी चौथीपर्यंत शिकली होती, पण तिचं लग्नाआधीचं नाव काय होतं यावर आठ भावंडांत दोन मतं आहेत. तिची धाकटी बहीण म्हसवडला असते, तिला ऐकू कमी येतं.

आणि खरं सांगायचं तर मला आजी आठवते ती रागावलेलीच. दहावीत असताना मी अर्धी भाकरी उष्ट्यात टाकली म्हणून तिने पाहुण्यांसमोर माझी लाज काढली होती. माझं तिच्यावर प्रेम होतं का, तेच मला कळत नाही. ज्यांना ती गोड आठवते त्यांनीच लिहिलेलं बरं नाही का?

— एक नात, पुणे

—

तू वयाने माझ्या लेकीएवढी, म्हणून ‘तू’च म्हणते.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, बरं नाही. ज्यांना गोड आठवते त्या सतरा जणांचं लिहून झालंय, आणि त्यातून तुझी आजी कोण होती ते मला काडीचंही कळलं नाही. कळली ती उष्ट्यात पडलेल्या अर्ध्या भाकरीवरून. तेवढ्या एका वाक्यात बाई समोर उभी राहिली.

आता ती भाकरी दुष्काळाशी जोडायचा मोह तुला होईल. ‘तिने भूक पाहिली होती, म्हणून तिला अन्न टाकलेलं खपायचं नाही’ हे वाक्य आपोआप लिहिलं जाईल, आणि थोरल्या काकांनाही आवडेल. नको लिहूस. माणची ती असली तरी दुष्काळात तिच्या घरी चूल पेटत होती. उपाशी आले ते तिच्या माहेरचे. शिवाय त्या दिवशी तिला नुसता तुझाच राग आला असेल. त्यापेक्षा भाकरी ज्वारीची होती की नाचणीची, उष्ट्याची बादली कुठे असायची, पाहुणे कोण होते, ती नेमकं काय बोलली, ते लिही. शब्द आठवत असतील तर तसेच्या तसे, शिवी असेल तर शिवीसकट. आणि प्रेम होतं का, हे ठरवायची घाई कशाला? अठरा-एकोणीस वर्षांमागची अर्धी भाकरी जिच्यामुळे अजून घशाशी येते, तिचं तुझं काहीतरी होतं. त्याला नाव दिलंच पाहिजे असं नाही.

तुझ्या सतरा उत्तरांबद्दल. दोष पाठवणाऱ्यांचा नाही, प्रश्नाचा आहे. ‘आठवणी पाठवा’ म्हटलं की माणूस श्रद्धांजलीच्या सभेत उभा असल्यासारखा बोलायला लागतो. तू बाकीच्या बावीस नातवंडांना एकेकटा फोन कर आणि बारकं काहीतरी विचार. तिच्या पदराच्या गाठीला काय असायचं? कपाटाची किल्ली कोणाच्या कमरेला होती आणि ती तिच्याकडे कोणत्या साली आली? ती कधी जेवायची, कोणाबरोबर, ताटात की परातीतच? तिने तुला काय म्हणून हाक मारली? तिला कशाची भीती वाटायची? कोण घरी आलं की ती आत निघून जायची? ‘आठवत नाही’ असं दहादा ऐकशील आणि अकराव्या वेळी एखादा चुलतभाऊ सांगेल की ती रोज दुपारी न्हाणीघरामागे बसून मिश्री लावायची आणि तेवढ्या वेळात कोणी हाक मारलेली तिला चालायची नाही. (हे मी बनवून सांगतेय, पण असं काहीतरी निघतंच.)

मोठ्या घरातल्या बाईचं असं असतं की ती अख्खी कोणाच्याच वाट्याला आलेली नसते. तुझ्या थोरल्या काकांची आई सतरा-अठरा वर्षांची पोर असणार, वर सासू, शेजारी थोरली जाऊ, स्वतःच्या लेकराला उचलून घ्यायचीही चोरी. धाकट्या आत्याची आई चाळिशीच्या आसपासची, चार माणसांत तोंड उघडून बोलणारी, हातात किल्ल्या असलेली. काका आणि आत्या भांडतायत ते एकाच बाईबद्दल नाही. म्हणून त्या दोघांत तडजोड घडवून मधलंच काहीतरी लिहायला जाऊ नकोस. दोघांचंही छाप, त्यांच्या त्यांच्या नावाने, एकापुढे एक. काकांना ‘त्यागमूर्ती’ लिहायचं असेल तर लिहू दे, फक्त त्याखाली एक प्रसंग मागून घे. कशाचा त्याग, कधी, कोणासाठी. काका त्यावर दोन दिवस घेतील आणि जे लिहितील ते बाकीच्या सोळांपेक्षा बरं असेल, असा माझा अंदाज आहे.

आता गावी जाशील तेव्हा एक काम कर. माळ्यावर चढ.

माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा आम्हीही असंच स्मरणिकेचं खूळ घेतलं होतं. मजकूर जमत नव्हता. दिवाळीच्या तोंडावर माळा साफ करायला काढला तर गोणपाटात बांधलेली तांब्या-पितळेची भांडी निघाली. घंगाळं, परात, तपेली, उतरत्या मापाचे डबे. स्टील आल्यापासून वर गेलेली. मोडीत घालायची म्हणून वजनाला काढली आणि माझी धाकटी जाऊ एकेकावर कोरलेलं मोठ्याने वाचायला लागली. भांड्याच्या दुकानाच्या दारात नावं घालणारा बसायचा, अक्षरांवर पैसे घ्यायचा, त्यामुळे मजकूर तारेसारखा तुटक. परातीवर सासूबाईंच्या मामाचं नाव. तपेल्यावर ‘डोहाळजेवण’ आणि साल. एका डब्यावर ‘भिशी १९६९’. सासूबाई भिशी लावायच्या, हे सासऱ्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं अशी आमची खात्री आहे. सगळ्यात मोठ्या डब्यात, जुन्या चोळीच्या तुकड्यात गुंडाळलेला, चार बोटांचा एक पितळी पेला होता. त्यावर ‘चि.’, एका मुलीचं नाव, ‘बारसे १९५६’.

त्या नावाचं आमच्या घरात कोणीच नव्हतं.

माझे यजमान आणि दीर एकमेकांकडे बघायला लागले. मग नणंदेला फोन लावला. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘ती माझ्या आधीची. सव्वा वर्षाची होऊन गेली.’ तिला हे आईने एकदाच सांगितलं होतं, तिच्या स्वतःच्या बाळंतपणात. मुलग्यांना कधीच नाही. बाकीची भांडी मोडीत गेली. पेला आहे.

तुझ्या आजीची दोन मुलं जगली नाहीत. त्यांची नावं तू लिहिली नाहीस, बहुधा तुला माहीत नाहीत. पुस्तिकेत वंशावळ घालणारच असाल, तर त्यात आठ नाही, दहा चौकटी काढ. नाव नाही मिळालं तर ‘मुलगी, १९५० च्या सुमारास’ एवढंही चालेल. मुलगी की मुलगा, हे तरी कोणाला तरी माहीत असेल. घरी तिची धाकटी-थोरली कोणी जाऊ हयात असेल तर तिला विचार. पोरांना जे माहीत नसतं ते जावेला असतं.

नावाचं म्हणशील तर तुझ्या आठ काका-आत्यांना हसायला नको. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा जवळजवळ २८ लाख बायकांची नावं मतदार यादीतून गळाली, कारण नाव विचारल्यावर त्यांनी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं होतं. बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या. पण आपण नाक वर करायचं कारण नाही. आपल्याकडे नवरीला ‘नाव घे’ म्हटलं की ती उखाण्यात नवऱ्याचं नाव घेते, आणि तिचं स्वतःचं त्याच दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीने पुसून नवं लिहिलेलं असतं. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर त्यांच्या नावापुढे आईचं नाव, मग वडिलांचं, अशी पद्धत महाराष्ट्राने आणली आहे. तुमच्याकडे कोणी पणतवंड असेल तर बघ. काकीच्या मुलांच्या वेळी तसं काही नव्हतं, आणि काकीला घरात ‘काकी’च म्हणायचे, म्हणून आठांची ही पंचाईत.

नाव शोधायला तीन ठिकाणं आहेत. आजी चौथीपर्यंत शिकली, म्हणजे माहेरच्या गावी तेव्हाच्या लोकल बोर्डाच्या शाळेत तिचं नाव पटावर होतं. ती शाळा आता जिल्हा परिषदेची असेल. तिचं जुनं जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांच्या कपाटात असतं, अर्ज दिला की उतारा मिळू शकतो. त्यात नाव खात्रीचं. तारीख मात्र १ जून दिसली तर मनावर घेऊ नकोस. ज्याला जन्मतारीख नाही त्याला गुरुजी सर्रास १ जून देऊन टाकायचे, जसं आधारवाल्यांनी तुझ्या आजीला १ जानेवारी दिली. दुसरं ठिकाण तहसील कार्यालयातलं गावचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, गाव नमुना १४. तिथे बऱ्याचदा बापाचं नाव आणि ‘मुलगी’ एवढंच असतं, आणि मोडी लिपीत असलं तर वाचणारा गाठावा लागतो. पण एखाद्या बापाला कोणत्या साली मुलगी झाली हे कळलं तरी निम्मं काम झालं. तुमच्याकडे वंशावळी लिहून ठेवणारे हेळवी येत असतील तर त्यांच्याही वहीत डोकावून घे. मात्र तिथे लेकींना फारशी जागा नसते.

तिसरं ठिकाण तेच, ज्याचं नाव काढलं की काकांचा चेहरा बदलत असेल. हक्कसोड.

जरा थांबून विचार कर. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलगी बापाची वारस झाली. बाप गेला की तलाठी वारसांचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीतल्या बदलाची नोंद, धरतो आणि त्यात लेकींची नावं येतात. आली, म्हणून तर तिची सही घ्यावी लागली. हक्क नसता तर सोडून कोणी घेतला असता? तेव्हा तो फेरफार काढ आणि हक्कसोडपत्र नोंदवलेलं असेल तर दुय्यम निबंधकाकडून त्याची नक्कल माग. या कागदांत बाईची ओळख पटवायला बापाचं नाव आणि ‘भ्र.’ (भ्रतार) लिहून नवऱ्याचं नाव, असं दोन्हीकडचं येतं. जुन्या कागदांत ‘कोम’ असायचं. म्हणजे आठ जणांचा वाद मिटवणारा कागद बहुधा हाच आहे. शिवाय चौथी शिकलेली बाई अंगठा देणार नाही, सही करेल. तुझ्याकडे आजीचं हस्ताक्षर आहे का कुठे? पत्र, हिशेबाची वही, काही? नसेल तर तिच्या हातची अक्षरं त्या एकाच कागदावर सापडतील, ज्यावर तिने सही करायला नको होती असं धाकट्या आत्याला वाटतं. ती सही छाप. मोठी करून छाप. तिच्याखाली तारीख, बाकी काही लिहू नकोस.

प्रकरण पुस्तिकेत घ्यायचं का, तर माझं मत घ्यायचं. तीन वाक्यांत. दुष्काळात भाऊ आठ महिने राहिला, अमुक साली हक्कसोड झालं, त्यानंतर अकरा वर्षं ती माहेरी गेली नाही आणि मग गेली. एकर-गुंठे नकोत, ‘लुबाडलं’ नको. माहेर तुटू नये म्हणून त्या पिढीच्या किती बायकांनी मुकाट सह्या केल्या, वर साडीचोळी घेऊन आल्या. तुझ्या आजीने सही केली आणि मग माहेरच बंद केलं. हे मला नुसतं सोशिकपणाचं लक्षण दिसत नाही. त्या सतरांपैकी ज्यांनी ‘सोशिक’ लिहिलंय त्यांना अकरा भाऊबीजा मोजायला सांग. आणि पुन्हा ती कशासाठी गेली ते कळलं तर फार चांगलं, नाही कळलं तर ‘कशासाठी ते कोणी सांगत नाही’ हे तुझ्याच पत्रातलं वाक्य घाल.

पण छापायच्या आधी ती तीन वाक्यं मामेआजोबांच्या घरी पाठव. घाबरू नकोस. दुष्काळाच्या साली त्यांचा जो पोरगा आठ-दहा वर्षांचा होता तो आज साठीच्या पुढे आहे. त्याने तुमच्या घरी आठ महिने भाकरी खाल्लीये, तुझ्या आजीच्या हातची, रोज. माणमध्ये राहिलेली माणसं तेव्हा दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, रेशनवर आलेली लाल मिलो ज्वारी आणि पोरांना मिळणारी सुकडी खात होती. याला मात्र आत्याकडचं ताट होतं. आत्याने कधी दुसरी भाकरी वाढताना हात आखडता घेतला का, तिच्या सासूने काय टोमणे मारले, ती त्याच्या बापाशी कशी बोलायची, हे सांगणारा तो एकटाच उरला असेल, आणि तुमच्या घरच्या ग्रुपवर तो नसणार. त्याला फोन कर. जमिनीचं नाव काढू नकोस. भाकरीचं विचार.

तारखांच्या मागे फार लागू नकोस, पण क्रम मात्र लावून घे. पाटण तालुक्यातल्या घराला कॅलेंडरची गरजच नाही. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनेचा भूकंप. तेव्हा कोण तिच्या कडेवर होतं, कोण पोटात, कोण जन्मायचंच होतं, हे विचारलंस की आठही भावंडं आपोआप रांगेत उभी राहतील. तिच्या लग्नाला गांधीजींच्या खुनाच्या आधी-नंतरचं माप लावता येतं, धाकट्यांना दुष्काळाचं. ‘पाडव्याला झाला’, ‘गौरी जेवत होत्या’ असं काही निघालं आणि साल ठाऊक असलं तर जुन्या पंचांगावरून तारीखही निघते. फोटो असतील तर मागे नावं लिहून घे, मऊ पेन्सिलीने. बॉलपेन पुढून उमटतं. लॅमिनेशन नको. चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर आधी तिथेच सावलीतल्या उजेडात मोबाइलने टिपून घे, मग सोडवायचं बघ. छपाईचं एवढंच की पानं १६ च्या पटीत धर आणि टाइप मोठा घे. पहिला वाचक पंचाहत्तरीचा आहे.

राहिली तुझी आई.

‘मला काही विचारू नका’ हेही उत्तरच आहे, आणि सतरा उत्तरांत ते नाही हे मला फार आवडलं. तीस वर्षं एका चुलीवर म्हणजे किती चटण्या, किती मसाले, किती न बोललेले दिवस, ते तुझ्या काकांना कळणार नाही. तिच्यासमोर फोनचा रेकॉर्डर लावून बसू नकोस. वही तर अजिबात नको. मेथी निवडायला, शेंगा फोडायला बस तिच्या शेजारी, आणि सासू म्हणून कशी होती हे विचारूच नकोस. कांदा-लसूण चटणीला तिखट कोण भाजायचं आणि मीठ कोण घालायचं ते विचार. तिच्याकडून निघेल ते छापणार नाही, असं आधी सांग आणि तो शब्द पाळ. पुस्तिका वेगळी आणि तुला कळलेली आजी वेगळी, एवढी फट राहिली तर राहू दे.

म्हसवडची मावशीआजी हे सगळ्यात निकडीचं. शाळा, तहसील, निबंधक पुढच्या महिन्यात भेटतील, तिथले कागद कुठे जात नाहीत. तिच्याकडे येत्या रविवारी जा. ऐकू कमी येतं म्हणून लोक तिला विचारत नसतील, त्यामुळे तिच्याकडचं सगळं शाबूत असेल. प्रश्नांपेक्षा वस्तू ने. आजीचं एखादं जुनं लुगडं, माळ्यावरचं नाव घातलेलं भांडं, फोटो. हातात दे आणि गप्प बस. ओव्या येत असतील तर म्हणायला लाव. संशोधक हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या, त्यात भावाच्या ओव्या पोत्याने आहेत. दोघी बहिणी एका जात्यावर बसल्या असतील तर आजीच्याही ओव्या तिला येत असणार. ‘भाऊ’ आला की ती थांबते का, तेवढं बघ.

एकटी जाऊ नकोस मात्र. आईला बरोबर घे. नाही म्हणेल, ‘मावशींना ऐकू येत नाही, माझा आवाज पोचत नाही, तू मोठ्याने सांग’ म्हण. तिथे ती काही बोलणार नाही, दुसऱ्या बाईचं ऐकत बसेल. येताना एसटीत खिडकीची जागा तिला दे, आणि कराड येईपर्यंत मोबाइल पिशवीत ठेव.